कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवरचे घरांचे कर्जरोखे

६ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांना एकाच मतपत्रिकेवर घरांविषयीचे दोन प्रश्न विचारले गेले. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे आणि माजी सैनिकांची गृहकर्जे यांसाठी राज्याने ४ अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढावेत का, हा ‘प्रपोझिशन १’चा प्रश्न होता, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्या बेघर माणसांसाठी २ अब्ज डॉलरचे रोखे काढावेत का, हा ‘प्रपोझिशन २’चा. पहिला प्रस्ताव सुमारे ५६ टक्के मतांनी आणि दुसरा सुमारे ६३ टक्के मतांनी संमत झाला. घरांसाठी सहा अब्ज डॉलर मंजूर झाले, एवढीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहिली. ते पैसे येतात कुठून, कोण आणि किती वर्षे फेडतो, आणि मंजुरी मिळाल्यापासून एखाद्या कुटुंबाच्या हातात किल्ली पडेपर्यंत मधे काय काय घडावे लागते, हे मात्र मत देणाऱ्यांपैकीही अनेकांना नीटसे ठाऊक नसते. सनीवेल, क्युपर्टिनो किंवा फ्रीमाँटमधल्या मराठी घरांत निवडणुकीआधी मतदार-माहितीपुस्तिका येते आणि बऱ्याचदा न उघडताच रद्दीत जाते. अशा प्रस्तावावर विचार करून मत देता यावे, म्हणून २०१८ च्या या जोडीचे उदाहरण घेऊन हा सगळा व्यवहार येथे उलगडून सांगत आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला पहिला प्रश्न पडेल तो हा, की कर्ज काढायचे की नाही हे लोकांना विचारायचेच कशाला? आपल्याकडे राज्य सरकार विधिमंडळात अर्थसंकल्प संमत करून घेते आणि कर्जरोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँकेमार्फत होतो. त्यात मतदाराला वेगळा कौल द्यावा लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत मात्र १८४९ पासून कर्जावर एक मर्यादा घातलेली आहे आणि तिचा आकडा आजही ३ लाख डॉलर एवढाच आहे. त्या काळी ही रक्कम मोठी असेल, आज या रकमेत राज्याच्या कित्येक भागांत एक साधे घरही मिळत नाही. या मर्यादेपलीकडचे, राज्याच्या पूर्ण हमीवरचे कर्ज काढायचे असेल तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागते आणि त्यानंतर राज्यभरच्या मतदानात साधे बहुमत लागते. शाळा, धरणे, रुग्णालये, उद्याने अशा कामांसाठी रोख्यांचे प्रस्ताव मतपत्रिकेवर सतत दिसतात, त्याचे मूळ या तरतुदीत आहे.

‘प्रपोझिशन १’ याच वाटेने आला. सॅन होजेचे सिनेटर जिम बील यांनी मांडलेले विधेयक सप्टेंबर २०१७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या सहीने कायदा झाले. घरांसंबंधीच्या पंधरा विधेयकांवर त्यांनी एकत्र सह्या केल्या, त्यांतलेच हे एक. या घाईमागे एक जुनी जखम होती. २०१२ पर्यंत कॅलिफोर्नियाच्या शहरांमध्ये पुनर्विकास संस्था होत्या. मोडकळीला आलेल्या भागांचा विकास केल्यावर तिथल्या मालमत्ता करात जी वाढ होई, ती या संस्थांकडे जात असे आणि त्यातला वीस टक्के हिस्सा कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राखून ठेवणे त्यांना बंधनकारक होते. मंदीनंतरच्या तुटीच्या काळात राज्याने त्या संस्थाच बरखास्त केल्या आणि परवडणाऱ्या घरांसाठी दरवर्षी मिळणारे सुमारे एक अब्ज डॉलर एकदम आटले. त्याआधी २००२ मध्ये २.१ अब्ज आणि २००६ मध्ये २.८५ अब्ज डॉलरचे गृहनिर्माण रोखे मतदारांनी मंजूर केले होते, पण ते पैसेही एव्हाना बहुतेक खर्च झाले होते. घरभाडी आकाशाला भिडत असतानाच सरकारी गृहनिर्माणाची तिजोरी रिकामी झाली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा अशी ही परिस्थिती होती.

फेडणार कोण?

राज्याचे सर्वसाधारण हमीचे रोखे म्हणजे राज्याने गुंतवणूकदारांकडून घेतलेले कर्ज. मतदारांनी मंजुरी दिली म्हणजे दुसऱ्या दिवशी चार अब्ज डॉलर खात्यात जमा होतात असे नाही. प्रकल्प जसजसे तयार होतात तसतसे राज्याचे खजिनदार टप्प्याटप्प्याने रोखे विकतात. ते घेणारे म्हणजे पेन्शन फंड, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि काही वेळा तुमच्याआमच्यासारखी माणसे. त्यांना मुद्दल आणि व्याज परत करण्यासाठी वेगळा कर बसत नाही. हे पैसे राज्याच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे मुख्यतः आयकर आणि विक्रीकराच्या उत्पन्नातून दिले जातात. शाळांच्या खर्चानंतर या निधीवर पहिला हक्क रोखेधारकांचा, असे राज्यघटनाच सांगते. त्यामुळे एखाद्या वर्षी उत्पन्न घटले तरी हप्ता चुकवता येत नाही. काटछाट होते ती दुसऱ्या खर्चांत. नवा कर नाही म्हणजे फुकट, असा समज करून घेऊन मत देणे मला योग्य वाटत नाही, आणि कर्ज म्हटले की डोळे मिटून विरोध करणेही तितकेच चुकीचे वाटते.

खरा आकडा पाहायचा तर मतदार-माहितीपुस्तिकेतला विधिमंडळाच्या अर्थविश्लेषक कार्यालयाचा भाग उघडावा. पुस्तिकेत प्रत्येक प्रस्तावाचे चार भाग असतात: ॲटर्नी जनरलनी दिलेले शीर्षक व सारांश, अर्थविश्लेषकांचे विवेचन, समर्थकांचे व विरोधकांचे युक्तिवाद आणि शेवटी कायद्याचा संपूर्ण मजकूर. बाजू मांडणारे आपापली बाजूच मांडणार, पण अर्थविश्लेषकांचे कार्यालय कोणत्याही पक्षाचे नसते आणि त्याची भाषाही पुष्कळ सोपी असते. ‘प्रपोझिशन १’बद्दल त्यांनी असे लिहिले होते की माजी सैनिकांच्या गृहकर्जांचे १ अब्ज डॉलर त्या सैनिकांच्याच हप्त्यांतून फिटतील, उरलेल्या ३ अब्जांवर साधारण २.९ अब्ज व्याज होईल आणि करदात्यांना एकूण ५.९ अब्ज डॉलर म्हणजे ३५ वर्षे दरवर्षी सरासरी १७ कोटी डॉलर मोजावे लागतील. आपण तीस वर्षांच्या मुदतीने घर घेतो तेव्हा बँकेला शेवटी घराच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त रक्कम देतो, तसेच हे आहे. १७ कोटी डॉलर हा आकडा मोठा दिसतो, पण तेव्हाच्या सर्वसाधारण निधीच्या तुलनेत तो सुमारे एक-दशांश टक्का होता.

इथे एक गोष्ट घरमालकांनी स्पष्ट समजून घ्यावी, कारण तिच्याबद्दल फार गोंधळ होतो. राज्याच्या रोख्यांमुळे तुमच्या घराचा मालमत्ता कर वाढत नाही. काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे) किंवा शहराचे रोखे असतील तर मात्र त्यांची परतफेड मालमत्ता करातून होते आणि वर्षाच्या बिलात ती वेगळ्या ओळीत दिसते. म्हणूनच स्थानिक रोख्यांना साधे बहुमत पुरत नाही, दोन-तृतीयांश मते लागतात. २०१६ मध्ये सांता क्लारा काउंटीने परवडणाऱ्या घरांसाठी ९५ कोटी डॉलरचे रोखे मतदारांपुढे ठेवले, तेव्हा ते सुमारे ६८ टक्के मतांनी, म्हणजे उंबरठ्यावरून जेमतेम आत आले. त्याच दिवशी लॉस एंजेलिस शहराचे १.२ अब्ज डॉलरचे बेघरांसाठीचे रोखे तीन-चतुर्थांशांहून अधिक मतांनी संमत झाले. हा उंबरठा ५५ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर मांडला गेला, पण मतदारांनी तो फेटाळला. शाळांच्या रोख्यांना मात्र २००० सालापासून ५५ टक्के पुरतात. शाळेसाठी जी सवलत आपण देतो ती शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरासाठी देत नाही, हे मला मनापासून खटकते.

चार अब्ज कुठे गेले?

सगळ्यात मोठा वाटा, १.५ अब्ज डॉलर, बहुकुटुंब गृहनिर्माण कार्यक्रमाला होता. यात भाड्याच्या सदनिका असलेल्या नव्या इमारती बांधण्यासाठी किंवा जुन्यांच्या दुरुस्तीसाठी कर्ज मिळते आणि तिथे राहणाऱ्याचे उत्पन्न त्या भागाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याहून जास्त आणि निम्मी कमी कमावतात त्या उत्पन्नाच्या) साठ टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाही. शहरे आणि काउंट्या स्वतःचे पैसे घालत असतील तर त्यांना बरोबरीने मदत म्हणून ३० कोटी होते. शेतमजुरांच्या घरांसाठी आणखी ३० कोटी होते. सेंट्रल व्हॅलीतल्या फळबागांमध्ये राबणाऱ्यांची राहण्याची अवस्था ज्याने पाहिली असेल, त्याला या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पहिले घर घेणाऱ्यांना मदतीसाठी ४५ कोटी, आणि वस्तीतल्या मोकळ्या जागांवर किंवा स्थानकांजवळ घरे उभी राहावीत यासाठी रस्ते, पाणी, मलनिस्सारण वगैरेंसाठी ४५ कोटी. उरलेले १ अब्ज माजी सैनिकांच्या गृहकर्जांचे.

‘कमी उत्पन्न’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते ते इथे जपून वापरावे लागते. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, सॅन मटेओ आणि मरीन या काउंट्यांमध्ये चार माणसांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,१७,४०० डॉलर असले तरी केंद्र सरकारच्या मोजमापात ते कमी उत्पन्नाचे ठरत होते. या रोख्यांतल्या भाड्याच्या घरांची मर्यादा त्यापेक्षा पुष्कळ खाली आहे. तरीही बालवाडीतल्या शिक्षिका, वृद्धाश्रमातल्या परिचारिका, उपाहारगृहातले स्वयंपाकी अशी रोज कामावर जाणारी माणसे त्या मर्यादेत येतात. ही घरे ‘काम न करणाऱ्यांसाठी’ आहेत, हा आपल्या गप्पांमध्ये वारंवार कानावर येणारा समज वस्तुस्थितीला धरून नाही.

पैशाचे घर कसे होते?

राज्य स्वतः इमारत बांधत नाही. बांधतात त्या बहुतेक करून ना-नफा संस्था, आणि राज्याचे पैसे त्यांच्या खर्चातला एक तुकडाच भरून काढतात. हे समजण्यासाठी एक काल्पनिक इमारत घेऊ. तिचे आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण प्रत्यक्षाच्या जवळ जाणारे आहे.

समजा, ८० सदनिकांची इमारत बांधायची आहे आणि जमीन, बांधकाम, शुल्के, व्याज धरून प्रत्येक सदनिकेला ५ लाख, म्हणजे एकूण ४ कोटी डॉलर खर्च आहे. राहणाऱ्या कुटुंबांना परवडेल असे भाडे महिना ९०० डॉलर धरले आणि देखभाल, विमा, पाणी, वीज, व्यवस्थापन यांवर प्रत्येक घरामागे ७०० डॉलर गेले, तर महिन्याला २०० डॉलर उरतात. ८० घरांचे मिळून वर्षाला १,९२,००० डॉलर झाले. एवढ्या शिलकीवर बँक फार तर २५ लाख डॉलरच्या आसपास कर्ज देईल. चार कोटींच्या इमारतीला पंचवीस लाख! भाडे बाजारभावाने लावले असते तर बँकेने कित्येक पटींनी जास्त कर्ज दिले असते, पण मग ती घरे परवडणारी राहिली नसती. परवडणाऱ्या घरांचा सगळा पेच या एका आकडेमोडीत आहे: भाडे जितके कमी ठेवावे तितके बँकेचे कर्ज कमी मिळते आणि खड्डा मोठा होतो.

मग उरलेले कुठून आणायचे? १९८६ पासून अमेरिकेत केंद्रीय टॅक्स क्रेडिटची योजना आहे. अशी घरे बांधणाऱ्या प्रकल्पाला करात वजावट मिळण्याचा हक्क मिळतो. ना-नफा संस्थेला त्या वजावटीचा उपयोग नसतो, म्हणून ती प्रकल्पात बँका आणि मोठ्या कंपन्यांना भागीदार करून घेते आणि त्यांच्याकडून रोख भांडवल मिळवते. आपल्या इमारतीला त्यातून १ कोटी ७० लाख मिळाले असे धरू. शहर आणि काउंटीने, बहुधा त्यांच्या स्वतःच्या रोख्यांतून, ८० लाख दिले. अजून सव्वा कोटी कमी पडतात, आणि ‘प्रपोझिशन १’चे पैसे इथे येतात. या सव्वा कोटीवाचून बाकीचे पावणेतीन कोटीही हलत नाहीत, कारण सगळी रक्कम जुळल्याशिवाय कोणीच आपला वाटा सोडत नाही. म्हणून राज्याचा एक डॉलर स्वतःबरोबर केंद्राचे, शहराचे आणि खासगी डॉलरही आणतो, असे समर्थक म्हणतात तेव्हा ती अतिशयोक्ती नसते.

हे पैसे अनुदान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून दिले जातात, हेही पुष्कळांना माहीत नसते. बहुकुटुंब कार्यक्रमातले कर्ज ५५ वर्षांचे असते, त्यावर ३ टक्के सरळव्याज लागते; दरवर्षी देखरेखीपोटी मुद्दलाच्या ०.४२ टक्के एवढी रक्कम भरावीच लागते आणि बाकीचा हप्ता इमारतीच्या खर्चानंतर काही उरले तरच द्यायचा असतो. त्याच्या बदल्यात ५५ वर्षे भाडे ठरावीक मर्यादेतच ठेवण्याचा करार जमिनीच्या कागदपत्रांवर नोंदवला जातो, म्हणजे इमारत विकली तरी तो करार नव्या मालकाला लागू राहतो. अर्थविश्लेषकांच्या अंदाजाप्रमाणे ‘प्रपोझिशन १’मधून भाड्याच्या सुमारे ३० हजार घरांना, शेतमजुरांच्या ७,५०० कुटुंबांना, घर घेणाऱ्या १५ हजारांना आणि ३ हजार माजी सैनिकांना लाभ व्हायचा होता. सुमारे चार कोटी लोकसंख्येच्या राज्याला हे पुरेसे नाही, हे उघड आहे. पण ज्या कुटुंबाला घर मिळाले त्याच्या दोन पिढ्या भाड्याच्या धास्तीतून सुटतात, आणि असली कामे दर पाच-सात वर्षांनी नेटाने करत राहिल्यानेच साठा वाढतो.

बेघरांसाठीचा दुसरा प्रस्ताव

‘प्रपोझिशन २’ची रचना निराळी होती आणि मला ती अधिक विचार करायला लावणारी वाटते. २००४ मध्ये मतदारांनी वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्यांच्या त्यावरील उत्पन्नावर १ टक्का जादा कर बसवला होता. तो पैसा काउंट्यांच्या मानसिक आरोग्य सेवांसाठी राखीव होता. २०१६ मध्ये विधिमंडळाने ठरवले की या उत्पन्नाच्या तारणावर २ अब्ज डॉलरचे रोखे काढून गंभीर मानसिक आजार असलेल्या बेघरांसाठी घरे बांधावीत. पण सेवांसाठी मागितलेला कर घरांसाठी वापरता येतो का, आणि मतदारांना न विचारता असे कर्ज काढता येते का, यावर न्यायालयात प्रश्न उभे राहिले. तेव्हा प्रस्ताव सरळ मतपत्रिकेवर ठेवण्यात आला. परतफेड वर्षाला सरासरी १२ कोटी डॉलरची, ३० वर्षे चालणारी, आणि कोणत्याही वर्षी १४ कोटींपेक्षा जास्त रक्कम काढता येणार नाही अशी मर्यादा घातलेली.

याला विरोध करणाऱ्यांत मानसिक आजार असलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांची एक स्थानिक संघटनाही होती. डॉक्टर, समुपदेशक आणि खाटा यांसाठीचे पैसे विटा-सिमेंटकडे वळवले तर उपचार कोण करणार, हा त्यांचा प्रश्न होता. समर्थकांचे म्हणणे असे, की ज्याला झोपायला जागा नाही, औषधाची बाटली ठेवायला कपाट नाही आणि डॉक्टरांनी भेटीची वेळ कळवायची तर पत्ताच नाही, त्याच्यावर उपचार टिकतच नाहीत. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण पहिल्या बाजूचा प्रश्न आजही सुटलेला नाही आणि त्याकडे पुढे यावेच लागेल.

बेघर माणूस म्हणजे परराज्यातून हवा चांगली म्हणून आलेला व्यसनी, अशी एक प्रतिमा रूढ आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राज्यव्यापी अभ्यासात दहापैकी नऊ जणांचे शेवटचे घर कॅलिफोर्नियातच होते असे दिसले, आणि घर जाण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत त्यांच्या कुटुंबाचे मध्यक मासिक उत्पन्न ९६० डॉलर होते. आपल्या काल्पनिक इमारतीतले कमी केलेले भाडेसुद्धा ९०० डॉलर आहे. इतक्या उत्पन्नात बाजारातले घर राहिले दूर, सर्वसाधारण ‘परवडणारे’ घरही बसत नाही. अशा घरांसाठी भाड्याच्या फरकाची भरपाई करणारे केंद्रीय व्हाउचर लागते, ज्यात भाडेकरू आपल्या उत्पन्नाचा साधारण तीस टक्के भाग भरतो आणि बाकीचे सरकार भरते. शिवाय इमारतीतच समाजसेवक आणि वैद्यकीय मदत लागते.

रोख्यांची मर्यादा इथे उघडी पडते. रोख्यांचा पैसा भिंती, छप्पर, पाइप आणि लिफ्ट यांवर खर्च करता येतो, कारण त्या तीस-चाळीस वर्षे टिकतात आणि तेवढी वर्षे कर्ज फेडणेही न्याय्य असते. समाजसेवकाचा या महिन्याचा पगार पस्तीस वर्षे व्याजासकट फेडत बसणे मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणून रोखे इमारत उभी करतात, ती चालवण्याचा पैसा दरवर्षी दुसरीकडून यावा लागतो. कोणताही गृहनिर्माण रोखेप्रस्ताव वाचताना मी सर्वांत आधी हेच शोधते: इमारत उभी राहिल्यावर तिथल्या सेवांचे पैसे कोणत्या कायद्यातून, किती वर्षे आणि कोणत्या हमीने येणार आहेत. त्याचे उत्तर नसेल, तर दहा वर्षांनी रखवालदार नसलेली, तक्रारींनी ग्रासलेली इमारत उरते आणि पुढच्या प्रस्तावाला विरोध करणाऱ्यांच्या हातात आयते कोलीत मिळते.

विरोधकांच्या मुद्द्यांत तथ्य किती?

खर्च आणि विलंब हे दोन आक्षेप खरे आहेत आणि ते झटकून टाकू नयेत. लॉस एंजेलिसच्या २०१६ च्या रोख्यांतून दहा हजार घरांचे उद्दिष्ट सांगितले गेले होते. पहिली काही वर्षे हाती फारच थोडी घरे लागली आणि शहराच्या नियंत्रकांनी २०२२ मध्ये केलेल्या तपासणीत बांधकाम चालू असलेल्या एका घराचा सरासरी खर्च ६ लाख डॉलरच्या आसपास गेलेला दिसला. त्याची कारणे काही गूढ नाहीत. जमीन महाग, सामान महाग, सरकारी पैसा लागला की बहुतेक कामांवर ठरवून दिलेले वेतनदर लागू, शहराची शुल्के वेगळी, शेजाऱ्यांच्या हरकती वेगळ्या. त्यात प्रत्येक निधीचा अर्ज निराळा, मुदत निराळी, नियम निराळे. एका ठिकाणचा अर्ज हुकला की वर्ष जाते आणि तोवर सिमेंट-लोखंडाचे भाव चढलेले असतात. वरच्या उदाहरणात चारच ठिकाणचे पैसे दाखवले. प्रत्यक्षात ही संख्या पुष्कळदा त्याहून मोठी असते आणि प्रत्येक ठिकाणी वकील व सल्लागारांची फी द्यावी लागते. यावर उपाय पैसे रोखण्याचा नाही, अर्ज एकत्र करण्याचा आहे.

दुसरा मुद्दा हिशेबाचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की पाच वर्षांत बेघरपणावर सुमारे २४ अब्ज डॉलर खर्च होऊनही त्यातून नेमके काय साधले याची सलग नोंद राज्याने ठेवलेली नाही. हे फार गंभीर आहे. मात्र हा आकडा रोख्यांचा आहे असे समजू नये. त्यात निवारे, भाडेमदत, सेवा अशा अनेक योजनांचा खर्च आहे. रोख्यांनी बांधलेली इमारत निदान पत्त्यावर जाऊन मोजता येते. २०२३ च्या गणनेत कॅलिफोर्नियात १ लाख ८१ हजारांहून अधिक बेघर माणसे आढळली आणि २०१८ मध्ये ही संख्या १ लाख ३० हजारांच्या आसपास होती. त्यावरून रोखे फसले असे काहीजण म्हणतात. घरे बांधण्याचा वेग घर गमावणाऱ्यांच्या वेगापेक्षा कमी पडला, एवढेच त्यातून निघते.

मार्च २०२४ मध्ये याच क्रमातला पुढचा प्रस्ताव आला, आणि त्यालाही योगायोगाने ‘प्रपोझिशन १’ हाच क्रमांक मिळाला, त्यामुळे दोहोंची गल्लत होते. हा ६.३८ अब्ज डॉलरचा होता: सुमारे ४.४ अब्ज मानसिक आणि व्यसनमुक्ती उपचारांच्या जागांसाठी, आणि सुमारे २ अब्ज बेघरांच्या घरांसाठी, त्यातले निम्म्याहून थोडे अधिक माजी सैनिकांसाठी. परतफेड सुमारे ३१ कोटी डॉलर दरसाल, ३० वर्षे. २०१८ च्या मानाने लोकांचा धीर किती सुटत चालला होता हे निकालात दिसले, जवळपास ५०.२ टक्के मतांनी तो कसाबसा निभावला आणि निकाल स्पष्ट व्हायला दोन आठवडे लागले. या प्रस्तावाने एक बदल असा केला, की त्या २००४ च्या श्रीमंतांवरील करातून काउंट्यांना मिळणाऱ्या पैशांपैकी तीस टक्के भाग बेघरांच्या व बेघर होण्याचा धोका असलेल्यांच्या निवासासाठी वापरणे बंधनकारक झाले. इमारत चालवण्याच्या खर्चाचे जे उत्तर मी शोधते, त्याचा एक भाग यात मिळतो. पण काउंट्यांच्या इतर उपचारसेवांना त्याची झळ बसणार, हा २०१८ मधला जुना आक्षेपही त्याच्याबरोबर परत आला.

मतदान फक्त अमेरिकी नागरिकांना करता येते, त्यामुळे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या आपल्या पुष्कळ लोकांना हा विषय आपला वाटत नाही. पण रोखे मंजूर झाल्यानंतरचे अर्धे काम शहराच्या सभागृहात होते. एखादी संस्था तुमच्या रस्त्यावर ८० घरांची इमारत आणू पाहते, त्या सुनावणीत तिथला कोणताही रहिवासी बोलू शकतो, आणि बोलायला येतात ते बहुधा विरोध करणारे. २०१८ च्या एका राज्य कायद्याने बहुकुटुंब घरांना परवानगी असलेल्या भागांत आधार-सेवांसह असलेली बेघरांची घरे, ठरावीक अटी पाळल्या तर, शहराला मनमानी नाकारता येऊ नयेत अशी सोय केली आहे. तरीही शहराच्या मालकीची जागा द्यायची की नाही, स्थानिक निधीतले ते ८० लाख यंदा द्यायचे की पुढच्या वर्षी, हे निर्णय त्या सभागृहातच होतात. इमारतीजवळ राहणाऱ्या दोन-चार कुटुंबांनी तिथे जाऊन प्रकल्पाला पाठिंबा दिला आणि सेवांचा करार किती वर्षांचा आहे, रात्री इमारतीत जबाबदार माणूस कोण असेल, हे प्रश्न नोंदवून विचारले, तर त्याची उत्तरे नगरपरिषदेला आणि संस्थेला जाहीरपणे द्यावी लागतात.